उसाची परिषद, ज्वारीचा महोत्सव

यंदाच्या हिवाळ्यात साताऱ्यात तीन दिवस गावरान खाण्याचा महोत्सव भरला आणि मांडव उतरल्यावर तीन आठवडे त्यावरून भांडण चाललं. वर्तमानपत्रांत पत्रं आली, कट्ट्यांवर आवाज चढले, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मामांनी भाच्याला काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. एका बाजूचं म्हणणं असं, की असे महोत्सव म्हणजे आजीच्या हातच्या चवीचं जतन. ते नसते तर पोरांना हुलगा कुठला आणि मटकी कुठली हेही कळलं नसतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की ज्या भाकरीवर आमच्या बापजाद्यांनी नाइलाजानं दिवस काढले, तीच मातीच्या ताटलीत ठेवून अडीचशे रुपयांना विकायची आणि वर तिला संस्कृती म्हणायचं, हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे. 'तुम्हाला मातीची लाज वाटते' आणि 'तुम्ही गरिबीचं प्रदर्शन मांडता' ही दोन वाक्यं इतक्या वेळा इकडून तिकडे फेकली गेली, की शेवटी कुणी काय म्हटलं होतं ते फेकणाऱ्यालाही आठवेना. मी दोन्हीकडचं सगळं वाचलं. दोघेही ताटाकडे बघून भांडत होते. त्या ताटातलं धान्य कुणी पेरलं, पुढच्या वर्षी तो ते पुन्हा पेरणार आहे का, हा प्रश्न मला कुठेच दिसला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे महोत्सव बंद करायची गरज नाही, पण ते चुकीच्या महिन्यात भरतात आणि तिथे चुकीचा माल विकला जातो. हुरड्याच्या दिवसांत शिजवलेली भाकरी विकून शेतात काहीही बदलत नाही. पेरणीच्या आधी, यंदा कुणाला किती शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, लागणार आहे याची नोंद घ्यायला लोक एकत्र आले, तर बदलू शकतं. बाकी पिठलं, ठेचा, लेझीम, बैलगाडीतले फोटो हे सगळं हौसेनं करा, माझी ना नाही.

हे मला सुचलं ते उसावरून. आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत उसाचा खाद्यमहोत्सव भरलेला कुणी पाहिलाय? कृष्णाकाठाला उसानं व्यापलं ते कुणी उसाची थोरवी गायली म्हणून का? कारखान्याकडे उसाची नोंद होते. त्या नोंदीच्या जोरावर सोसायटी पीककर्ज देते. तोडणीची टोळी कारखाना पाठवतो, वाहन तोच लावतो. भाव केंद्र सरकार हंगामाआधी ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान भाव, आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ते वेळेवर मिळतात असं नाही, पण मिळाले नाहीत तर भांडायला कायदा हाताशी आहे. म्हणून दर वर्षी जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, तिथे हजारो शेतकरी जमतात आणि पहिली उचल, म्हणजे उसाचा पहिला हप्ता, किती हे ठणकावून सांगतात. उसाची परिषद होते आणि ज्वारीचा महोत्सव होतो, या एका वाक्यात दोन पिकांची समाजातली जागा कळते. ज्याचा हिशेब मांडला जातो त्याची परिषद. ज्याचं फक्त कौतुक उरलंय त्याचा महोत्सव.

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, मी एका गाळ्यापाशी टेकले होते. माण तालुक्यातल्या बचत गटातल्या एक मावशी सकाळपासून भाकरी थापत बसलेल्या. चुलीच्या धगीनं तोंड लाल झालेलं, मनगटावर परातीच्या कडेचा वळ उठलेला. मी सहज विचारलं, "मावशी, घरी पण शाळूचीच का?" त्या हसल्या. "कुठला शाळू, ताई? घरी चपात्याच. रेशनचा गहू येतोय की फुकट. पोरं भाकरीला हात लावत न्हाईत." मग हे पीठ? मार्केट यार्डातून पोतं आणलेलं, ते कर्नाटकातून आलं असावं असं त्यांचं म्हणणं. आणि स्वतःचं रान? "उरमोडीचं पाणी आलंय. निम्म्यात ऊस हाय, निम्मं पड." वर 'आपल्या मातीतली चव' असा फलक आणि खाली हे उत्तर. त्यांच्या त्या चार वाक्यांत तीन आठवड्यांच्या वादापेक्षा जास्त माहिती होती. त्यात लबाडी कुणाची नव्हती. सरकार फुकट गहू देतं, त्यांनी घेतला. पाणी आलं, त्यांनी नगदी पीक लावलं. महोत्सवानं भाकरी मागितली, त्यांनी भाकरी दिली. शाळू पेर असं मात्र त्यांना कुणीच कधी म्हटलं नाही.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येते, कारण त्यातले काही फार वजनदार आहेत आणि महोत्सववाल्यांनी ते 'नकारात्मक मानसिकता' म्हणून उडवून लावले, हे मला आवडलं नाही.

पहिला मुद्दा अपमानाचा. ज्यांच्या घरात भाकरी ही आवड नव्हती, त्यांना तिचा उत्सव टोचतो, आणि तो टोचलाच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातली माणसं खडी फोडायला गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापली तर तुटायची आणि खाल्ली तर घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी मिळायची. माझ्या आजोळी अजूनही कुणी पानात टाकलं तर 'मिलो खाल्ली असतीस तर कळलं असतं' हे वाक्य येतं. त्याच्याही मागे गेलं तर गावगाड्यात कुणाला खळ्यावरची रास मिळायची आणि कुणाला खळं झाडून उरलेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'आपलं पारंपरिक अन्न' म्हणताना हा 'आपलं' कुणाचा? पारंपरिक म्हणून जे ताट मांडलं जातं त्यात सुकट नसते, वजडी नसते, गावच्या यात्रेतला मटणाचा लालभडक रस्साही बहुतेक वेळा नसतो. निम्मा जिल्हा जे खातो ते गाळूनच परंपरा तयार होते. हे आरोप खोटे आहेत असं मला म्हणता येणार नाही.

पण यावरचा उपाय महोत्सव बंद करणं हा आहे का? याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पोरांच्या पोटासाठी गावोगाव मूठ मूठ धान्य गोळा होई. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ही गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलीय. ती भाकरी गरिबीचीच होती, पण त्या पंगतीत तिचा अर्थ बदलला. भाकरी कुणाची, कशी, कुणाबरोबर खाल्ली यावर तिचा मान ठरतो. नुसत्या धान्यात मान-अपमान नसतो. म्हणून महोत्सवात आठवणी खोट्या सांगितल्या जात असतील तर खऱ्या सांगा. ७२ ची मिलो कशी होती ते एका गाळ्यावर मांडा. सुकट ठेवा, वजडी ठेवा. ज्या बाईनं खळं झाडून पोरं वाढवली तिला माइक द्या. एवढं झालं तर 'गरिबीचं प्रदर्शन' हा आरोप बराचसा आपोआप गळेल.

दुसरा मुद्दा असा, की हे 'स्थानिक' मुळात स्थानिक नाहीच. इथे विरोधकांनी पोत्यांवरची नावं वाचून दाखवली आणि महोत्सववाले निरुत्तर झाले. त्यांनी निरुत्तर व्हायचं कारण नव्हतं, फक्त 'स्थानिक' म्हणजे काय हे आधी ठरवायला हवं होतं. बघा, कराडच्या खाली महामार्गावर ढाब्या-ढाब्यावर अख्खा मसूर मिळतो. तो आता आपल्या भागाची ओळख आहे. पण मसूर आपल्याकडे कितीसा पिकतो? तो बहुतांशी मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशातला, आणि देशाला कमी पडतो तेव्हा कॅनडा-ऑस्ट्रेलियातला. पदार्थ इथला, दाणा परका. याच्या बरोबर उलट कोरेगावचा वाघ्या घेवडा. त्याला भौगोलिक मानांकन आहे, दाणा अस्सल इथला, पण जातो मुख्यतः उत्तरेकडच्या बाजारात, राजमा म्हणून. साताऱ्यातल्या किती घरांत तो महिन्यातून एकदा तरी शिजतो? आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी? तिलाही मानांकन, पण फळ इंग्रजांच्या काळात आलेलं आणि मातृरोपं आजही परदेशातून आणतात. इतकंच कशाला, ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही मूळच्या आफ्रिकेच्या आणि ठेच्यातली मिरची अमेरिकेची. पुरातन असणं ही स्थानिकतेची कसोटी धरली तर आपल्या पानात मीठसुद्धा उरायचं नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. जे इथल्या पाण्यात बसतं, इथल्या गुरांना काही देतं, आणि इथल्या गिरणीत दळलं जातं ते स्थानिक. या कसोटीवर शाळू पहिला येतो. हस्ताच्या पावसावर पेरायचा, नंतर बराचसा थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर निघतो. दाणा माणसाला, कडबा जनावराला. पूर्वी मधून करडईचे पट्टे असत, म्हणजे तेलही त्याच रानातलं. कडब्याची पेंढी हा या पिकाचा निम्मा जीव आहे. ज्यांनी फक्त भाकरीचा विचार केला त्यांना दूध कुठून येतं याचा विसर पडलाय.

आणि दळण! याबद्दल कुणी बोलतच नाही, म्हणून मी जरा रेंगाळते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना मोडते. बाजरीच्या पिठाचं तर आणखी वाईट, दाण्यात तेलाचा अंश जास्त म्हणून पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. म्हणजे ही धान्यं कारखान्यात दळून, प्लास्टिकच्या पुडीत भरून, सहा महिने दुकानाच्या फळीवर ठेवायची नाहीतच. त्यांना आठवड्याला डबा घेऊन जाण्याइतक्या जवळ गिरणी लागते. गव्हानं त्यांना हरवलं त्यात चवीचा भाग थोडा. गव्हाचं पीठ टिकतं हा भाग मोठा. राळा आणि वरी यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर घट्ट साल असते, ती बायकांनी उखळात कांडून काढायची. बायकांनी एक दिवस मुसळ खाली ठेवलं आणि राळा संपला. मला त्यात त्या बायकांचं काही चुकलं असं वाटत नाही. पाटण-जावळीच्या डोंगरउतारावर आता साल काढायचं यंत्र आलं, तर राळा परत येईल. नुसती 'आजीची राळ्याची खीर' म्हणून येणार नाही. एका महोत्सवाच्या मांडवाच्या खर्चात असं छोटं यंत्र बसतं का, हे मांडव घालणाऱ्यांनीच हिशेब करून सांगावं.

त्या डोंगरउतारावरचं आणखी एक. महोत्सवात नाचणीचे पापड, नाचणीचे लाडू, नाचणीची बिस्किटंसुद्धा होती. पण कोयनेच्या खोऱ्यात नाचणीची खाचरं पड पडत चालली आहेत ती लोकांना पिझ्झा आवडतो म्हणून नव्हे. रात्रीत गवा येतो, रानडुक्कर येतं आणि लावण उलथून जातं. राखणीला पोरं गावात नाहीत, ती मुंबईला. हे दुखणं महोत्सवानं बरं होणार नाही हे मान्य. पण निदान तिथल्या मंचावर कुणी एकदा बोलायला तरी हवं होतं.

तिसरा मुद्दा भावाचा, आणि तो सगळ्यांत कठीण आहे. पुड्यांवरचा दर पाहिला तर रोजंदारीवरच्या घरानं तिकडे फिरकूच नये. इकडे रेशनवर १ जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर लिहिलेला होता, पण भरडधान्य दुकानात दिसलं क्वचितच. नंतर २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आपल्याच प्रस्तावावरून भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, सरकारनं त्यांना 'श्री अन्न' असं नाव दिलं. नावापुढे श्री लागला, पोत्यापुढे गिऱ्हाईक लागलं नाही. अशा परिस्थितीत गरीब घराला 'भाकरी खा' असं सांगणं ही थट्टा आहे, हा आरोप मला पटतो.

मग भाकरी स्वस्त करावी? तेही करून झालंय. १९९५ साली युतीच्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली. कल्पना लोकांना आवडलीही. पण सगळा पैसा ताटाच्या टोकाला गेला, नांगराच्या टोकाला काहीच पोचलं नाही. पुढे केंद्रांवर वडापाव आणि चहा मिळू लागला, मोक्याच्या जागा तेवढ्या अडकून राहिल्या. सगळा महाराष्ट्र एक रुपयात भाकरी खात होता म्हणून ज्वारीचं क्षेत्र वाढलं असं काही झालं नाही. आजचे महोत्सव भाकरी महाग विकतात, त्या केंद्रांनी ती स्वस्त विकली. दोन्हीकडे चूक एकच, भाकरीपासून सुरुवात.

शेतकऱ्याच्या बाजूनं गणित मांडून पाहू. कोरडवाहू शाळू एकरी चार क्विंटल धरा. २०२५-२६ साठी मालदांडी या शाळवाच्या जातीचा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल आहे, म्हणजे एकराचे साधारण पंधरा हजार, वर कडबा. तोही हमीभाव कागदावरचा. खरेदी केंद्र उघडलं तर. शेजारी पाणी असेल तर एकरी चाळीस टन ऊस, म्हणजे एफआरपीनं १ लाख ४२ हजार. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करा, खत-पाणी वजा करा, बारा-अठरा महिने रान अडकतं तेही धरा, तरी आकडा शाळवाला जवळ येऊ देत नाही. शिवाय शाळू उपटायला माणूस मिळत नाही; हाताला फोड येतात, दिवसभर वाकावं लागतं, आणि हे काम कोण करतं? पुन्हा बाईच. आता सांगा, उसाकडे गेलेल्या शेतकऱ्याला महोत्सवात 'आपलं विसरू नका' असं सांगायला कुठल्या तोंडानं जायचं?

तरीही शाळू अगदी मेलेला नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. फार जुनी गोष्ट नाही, साताऱ्या-सांगलीतली नोकरदार घरंही वर्षाचं धान्य भरत. फाल्गुन-चैत्रात गावाकडचा ओळखीचा शेतकरी पोती आणून टाकायचा. मग गच्चीवर वाळवण, बोरिक पावडर नाहीतर कडुनिंबाचा पाला, आणि कणगीत नाही तर पत्र्याच्या डब्यात साठवण. सांगलीजवळ हरिपूरला संगमावर हळदीची पेवं होती. जमिनीखाली, थंड, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यांचं फार नुकसान केलं. धान्याचंही तसंच होतं, मोठ्या वाड्यांत शाळवाचं पेव असे. आपली खाद्यसंस्कृती जिला म्हणतो ती खरं तर त्या साठवणीत होती, ताटात ती नंतर यायची. साठवण गेली, एक-एक किलोच्या पुड्या आल्या, आणि शेतकऱ्याला 'वर्षाचं गिऱ्हाईक' उरलं नाही. ज्याला वर्षाचं गिऱ्हाईक नाही तो कशाच्या भरवशावर पेरेल?

म्हणून माझं म्हणणं: महोत्सव घटस्थापनेला भरवा. भाद्रपदात पितृपक्षामुळे कुणी मांडव घालू देणार नाही, पण घटस्थापनेचा दिवस तर यासाठीच असावा असं वाटतं. घराघरात काळी माती आणून तिच्यात धान्य पेरतात. जुनी माणसं सांगतात की ही बियाणं पारखायची रीत होती. खरी-खोटी असो, वेळ मात्र अचूक आहे. त्याच सुमाराला शाळवाची पेर असते. त्या वेळी शहरातल्या घरांनी यायचं आणि सांगायचं, आम्हाला यंदा इतकं धान्य लागेल, हा घ्या इसार, आगाऊ पैसे. चार माणसांचं घर दिवसाला एक वेळ भाकरी खात असेल तर चारेकशे ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे वर्षाला जवळपास दीड क्विंटल. एकरी चार क्विंटल धरलं तर तीन घरं मिळून एका एकराला थोडे जास्तच होतात. साताऱ्यासारख्या गावात अशी तीनशे घरं मिळणार नाहीत का? तीनशे घरं म्हणजे शंभर-सव्वाशे एकर शाळू, ठरलेला, नोंदवलेला, पेरायच्या आधी विकला गेलेला. कारखाना उसाला जे देतो त्यातलं निम्मं इथे आलं.

यात गरिबांचं काय, असं विचारलं जाईल. बरोबर आहे, दीड क्विंटलाचा इसार रोजंदारीवरचं घर भरू शकत नाही. पण एकदा शंभर एकरांची पेर पक्की झाली की शाळेच्या पोषण आहारासाठी, वसतिगृहांसाठी, रेशन दुकानासाठी धान्य इथेच आहे असं म्हणता येतं. आज मागणी करायला गेलं तर 'माल कुठाय' असं उत्तर मिळतं. हौशी घरांचे पैसे आधी, म्हणजे जोखीम त्यांची. ती त्यांना परवडते. अडीचशेची थाळी खाणाऱ्यांवर विरोधक चिडतात, मला उलट ते लोक कामाचे वाटतात. फक्त त्यांच्याकडून थाळीचे पैसे घेऊन त्यांना घरी पाठवू नका, पोत्याचे घ्या.

'एका गावानं असं केलं म्हणून काय होतंय' हा शेवटचा आक्षेप. इथे मी तासगाव तालुक्यातल्या विसापूरची आठवण देते. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तिथे एक लहानसा प्रयोग केला: काम मागेल त्याला काम. ७२ च्या दुष्काळात तीच कल्पना राज्याला तारून गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा आला. त्या योजनेत काय काय बिघडलं ते आपण जाणतो, मस्टरवरची खोटी नावंही जाणतो. पण मूळ शब्द बघा, 'हमी'. माणसाला आधी खात्री दिली, मग तो उभा राहिला. शाळवालाही तेवढंच हवं आहे, आणि ते द्यायला या वेळी सरकारचीही वाट बघायला नको.

एका प्रश्नावर मात्र मी स्वतः अडकले आहे. हस्त कोरडा गेला आणि पीक जळालं, तर इसाराचं काय? माण आणि जतमध्ये असं दर चार-पाच वर्षांनी होतंच. शेतकऱ्यानं पैसे परत करायचे असतील तर ही हमी नव्हे, ते कर्ज झालं. खरेदीदारानं सगळे सोडायचे तर पुढच्या वर्षी तो येईल का? आमच्या गल्लीत सहा घरांनी मिळून यंदा दोन एकरांचं ठरवलंय, त्या मावशींच्याच गटाकडे. निम्मा इसार बुडीत धरायचा असं चार घरांचं मत आहे. पाचवं घर म्हणतं, तीन हिश्श्यांतला एक. सहावं आमचं आहे, आणि घरात माझं आणि सासूबाईंचं अजून एकमत झालेलं नाही. त्या म्हणतात, पेरणाऱ्याचं बी गेलं, बैल राबले, मग आपलं सगळंच्या सगळं का जाऊ नये?